देवाला सोडलेली मुलगी आणि कायद्याची व्याख्या

मराठीतील ‘सोडणे’ हे क्रियापद मोठे फसवे आहे. आपण उपास सोडतो, गाठ सोडतो, देवाच्या नावाने वळू सोडतो. आणि हुबळी-धारवाडापासून मिरज-कोल्हापुरापर्यंतच्या मुलखात ‘मुलगी देवाला सोडली’ असेही पिढ्यान् पिढ्या म्हणत आले. ह्या शब्दात देणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही, आणि देण्याघेण्याचा मोबदला तर मुळीच दिसत नाही. जणू एखादी गाठ आपोआप सुटावी तशी ती मुलगी घरातून सुटली आणि देवाकडे गेली. ह्याच विधीला कानडीत ‘मुत्तु कट्टुवुदु’, म्हणजे मणी बांधणे, असे म्हणतात. एकाच मुलीविषयी मराठी माणूस सोडण्याची भाषा बोलतो आणि कानडी माणूस बांधण्याची. ह्या दोहोंपैकी कानडी शब्द अधिक प्रामाणिक आहे, असे आम्हांस वाटते.

वेश्याव्यवसायाविषयीचे कायदे कसे असावेत, आणि ‘माणसांचा अपव्यापार’ म्हणजे नेमके काय, हा वाद आज दिल्लीत व जगाच्या राजधान्यांत चालू आहे. तो वाद परक्यांचा आहे, शहरांतील बदनाम गल्ल्यांचा आहे, देवळात जाणाऱ्या सोवळ्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. परंतु इतिहास निराळे सांगतो. ह्या देशातील न्यायालयांनी व विधिमंडळांनी हा प्रश्न प्रथम हाती घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर जी स्त्री उभी होती ती बहुधा देवळाच्या दारातून आलेली होती. म्हणून हा इतिहास देवस्थानांशी नाते सांगणाऱ्या वाचकांनी तरी जाणून घेणे अवश्य आहे.

आरंभीच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. देवळाशी जोडलेल्या सर्व स्त्रिया सर्व काळी एकाच स्थितीत होत्या असे मुळीच नाही. बदामीजवळच्या महाकूट येथे चालुक्य राजा विजयादित्य ह्याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपासचा, एक लेख आहे. राजाची प्राणवल्लभा म्हणविणाऱ्या विनापोटी नावाच्या गणिकेने देवाला दिलेल्या दानांचे त्यात वर्णन आहे. रत्नजडित पीठ, रुप्याचे छत्र व शेतजमीन इतके तिने दिले. त्या लेखात तिची आई व आजी ह्यांचीही नावे कोरलेली आहेत. ती दान देणारी होती. दानात दिली गेलेली नव्हती. ह्या दोन क्रियांमधले अंतर ध्यानात ठेवले, म्हणजे पुढील हजार वर्षांत काय घडले ते समजण्यास सोपे जाते.

गोमंतकातील देवस्थानांतही निरनिराळ्या पायऱ्या होत्या. कळावंतीण गाणार व नाचणार, भाविणीने देवळाची झाडलोट करावी, दिवे लावावे, पालखीपुढे चवरी ढाळावी. देवळी हा पुरुषही त्याच सेवेतला. कुलदेवतांच्या मागे गोवा सोडून कारवार, कुमठा, अंकोला, हुबळी असा ज्यांच्या घराण्यांचा प्रवास झाला, त्यांना ही नावे ओळखीची आहेत. ह्या सेवेकरी वर्गाने संगीताला जे दिले त्याचे ऋण कोणी नाकारू शकणार नाही. पण त्याच वर्गातील मुलीला ‘शेंस’ ह्या विधीने देवाच्या किंवा खंजिराच्या साक्षीने बांधून टाकीत, आणि नंतर तिचे पोषण गावातील कोण्या धनिकाने करावे असा रिवाज होता. देवाचे नाव लागे, परंतु उपभोग माणसाचा असे.

घाटावरचा प्रकार आणखी निराळा होता. धारवाडपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. रेणुकेच्या ह्या स्थानी रांडाव पुनवेला आणि अहेव पुनवेला कर्नाटक, महाराष्ट्र व आंध्र ह्या तिन्ही प्रांतांतील लोक लोटतात. ह्या देवीला सोडलेल्या जोगतिणी प्रामुख्याने महार, मांग, मादिग, होलेय अशा जातींच्या, म्हणजे ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते अशा घरांतल्या. मुलीच्या केसांत जट आली, घरात आजार आला, मुलगा झाला नाही, की देवीचे बोलावणे आले असे मानीत. ज्या घरी मुलगा नाही तेथे सोडलेली मुलगी मुलाच्या जागी येई. ती आईबापांना पोसावयाची, त्यांचा अंत्यविधीही करावयाची. लग्न लावून देण्यास पैसा नाही आणि म्हातारपणी आधार नाही, अशा घरातील ही व्यवस्था होती. श्रद्धा खरी होती, तशीच भूकही खरी होती. आणि त्या दोहोंचा फायदा ज्यांना मिळत असे ते गावातले जमीनदार व पाटील ह्या श्रद्धेच्या बाहेरच उभे होते.

अशा समाजावर १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता आली. तिच्या ३७२ व ३७३ ह्या कलमांनी, वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलीची विक्री करणे, तिला भाड्याने देणे ‘किंवा अन्य प्रकारे तिची विल्हेवाट लावणे’ आणि तिला अशा हेतूने घेणे, हे गुन्हे ठरविले. वयाची मर्यादा प्रथम सोळा वर्षांची होती. ‘अन्य प्रकारे विल्हेवाट’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विक्रीत किंमत ठरते, भाड्यात मुदत ठरते. देवाला सोडण्यात ह्यांपैकी काहीच उघड नसते. मग सोडणे ही विल्हेवाट होय की नव्हे?

मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर १८६९ मध्ये जैली भाविणीचा खटला आला, तो ह्याच प्रश्नाचा. अल्पवयीन मुलीचा देवळातील विधी हा ह्या कलमाखाली येतो असे त्यातून निष्पन्न झाले, आणि पुढील अनेक दशके वकील मंडळी त्याचा आधार घेत राहिली. न्यायालयाने पडदा दूर सारला हे योग्यच झाले. पण कायद्याच्या पुस्तकांत त्या खटल्याला नाव आहे ते भाविणीचे. जी स्वतः कधी काळी अशीच बांधली गेली असेल, तिच्याच नावाने हा गुन्हा ओळखला गेला. देवळाच्या महाजनांचे किंवा आश्रयदात्याचे नाव त्या प्रश्नाला कधी चिकटले नाही.

पुढे १८८० मध्ये मथुरा नायकीण आणि एसू नायकीण ह्यांचा दावा त्याच न्यायालयात गाजला. नायकिणीने घेतलेले दत्तक कायद्याने मान्य करावे काय, असा वाद होता. न्यायमूर्ती वेस्ट ह्यांनी असे दत्तक अमान्य ठरविले. मुलगी दत्तक घेण्यामागे तिला त्याच मार्गाला लावण्याचा हेतू असतो, आणि अनीतीच्या रूढीला न्यायालय बळ देणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. मद्रासच्या न्यायालयाने मात्र त्याच दशकात निराळा मार्ग धरला आणि नाचणाऱ्या स्त्रियांमधील दत्तकाची चाल काही मर्यादेत मान्य केली. म्हणजे एकाच देशात, एकाच सरकारच्या अमलाखाली, उत्तर कानडा व धारवाड येथील स्त्रीला एक न्याय आणि मंगळूरच्या स्त्रीला दुसरा. मुंबईचा निर्णय नीतीच्या बाजूचा दिसतो. पण त्याचा व्यवहारातील परिणाम काय होता? ह्या स्त्रियांजवळ आईकडून मुलीकडे जाणारी जी थोडी मिळकत होती, तिच्या हक्काचा पाया त्याने डळमळीत केला. त्यांना आश्रय देणाऱ्या पुरुषाच्या इस्टेटीला मात्र त्याने कोठेही धक्का लावला नाही.

ह्याच सुमारास ह्या मुलखात आगगाडी आली. सदर्न मराठा रेल्वेमुळे १८८० च्या दशकात हुबळी हे मोठे ठाणे झाले, कारखाने आले, कापसाचा बाजार वाढला, आणि बेळगाव-मिरजेच्या वाटेने पुण्या-मुंबईचा प्रवास सोपा झाला. रस्ता माणसाला दोन्ही दिशांना नेतो. गावातील एका घराशी बांधलेली जोगतीण दुष्काळात किंवा आश्रय तुटल्यावर आता सांगलीला, पुण्याला, मुंबईच्या कामाठीपुऱ्याला जाऊ शकत होती, आणि तिला नेणारी माणसेही निर्माण झाली. डोंगरावरचा मणी आणि शहरातील कोठी ह्यांना जोडणारा दुवा असा तयार झाला. पूर्वी जी रूढी होती तिच्यात आता दलालीचाही शिरकाव झाला.

जगातही ह्याच काळात ‘अपव्यापार’ हा शब्द आकार घेत होता. १९०४ व १९१० साली युरोपातील राष्ट्रांनी जे करार केले, त्यांत गोऱ्या स्त्रियांच्या व्यापाराचीच भाषा होती. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने नवा करार झाला आणि वर्णाची ती अट गेली. स्त्रिया व मुले असा व्यापक शब्द आला. त्या कराराने संरक्षणाचे वय एकवीस ठरविले होते. हिंदुस्थानच्या वतीने सही करताना मात्र सरकारने एकवीसच्या जागी सोळा ठेवण्याची सवलत राखून घेतली. १९२४ मध्ये दंडसंहितेतील वयोमर्यादा सोळावरून अठरावर गेली. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला, तो मुख्यतः शहरातील कुंटणखाने व दलाल ह्यांवर रोखलेला होता. धारवाडच्या खेड्यातील जोगतीण ह्या सर्व व्यवस्थेत कोठे बसते, हे कोणी सांगितले नाही.

ते सांगण्याचे काम लोकांतूनच झाले. जमखंडीस १८७३ मध्ये जन्मलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांना हा मुलूख व त्याच्या दोन्ही भाषा बालपणापासून परिचित होत्या. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली आणि पुढे तिचे काम हुबळीपर्यंत पोहोचले. खंडोबाला मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लोकमत जागे केले. अस्पृश्यता आणि ही चाल ह्यांची मुळे एकच आहेत, हे त्यांनी ओळखले होते. १९३६ च्या जून महिन्यात मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या ह्यांच्या सभेत भाषण केले आणि हे जिणे टाकून देण्याचे आवाहन केले. त्यांचे शब्द कठोर होते. पण ते बोलत होते ते आपल्याच समाजातील भगिनींशी. दुसऱ्याच्या घरातील मुलीच्या नीतीवर प्रवचन देणे आणि स्वतःच्या घरातील मुलीला दार उघडून देणे ह्यांत जे अंतर असते, ते अशा ठिकाणी कळते.

गोमंतकात तर सुधारणेची चळवळ त्या समाजाच्या आतूनच उभी राहिली. राजाराम रंगोजी पैंगीणकर व त्यांचे सहकारी ह्यांनी शेंस विधी बंद पाडण्यासाठी, मुलींची लग्ने लावण्यासाठी आणि मुलांना शाळेत घालण्यासाठी कष्ट घेतले, आणि गोमंतक मराठा समाज ह्या नावाखाली जुन्या नावांचा कलंक मागे टाकला. दोन पिढ्यांत ह्या समाजातून गायक, डॉक्टर, वकील व शिक्षक निघाले. १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हेही त्याच समाजातले होत. शिक्षण आणि थोडीफार मिळकत हाताशी असेल, तर कायद्याच्या आधीही माणसे रूढीतून बाहेर पडू शकतात, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दक्षिणेत मात्र वाद तीव्र झाला. म्हैसूर संस्थानाने १९०९ मध्येच सरकारी देखरेखीखालील देवळांतून देवदासींची सेवा बंद केली होती. मद्रासच्या विधिमंडळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांनी १९२७ मध्ये ही चाल बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हा बंगळूर नागरत्नम्मा प्रभृती स्त्रियांनी त्यास विरोध केला. आम्ही कलेच्या उपासक आहोत, आमचे कायदेशीर हक्क व इनामे ह्यांचे काय, आणि आम्हां सर्वांना एकाच शब्दात वेश्या का म्हणता, असा त्यांचा प्रश्न होता. ह्या विरोधाची नंतर पुष्कळ थट्टा झाली. तथापि त्यातला शेवटचा प्रश्न थट्टेने संपणारा नाही. चाल वाईट आहे हे मान्य करूनही, त्या चालीत सापडलेल्या स्त्रीचे नाव काय ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आजच्या व्याख्यांच्या मुळाशी आहे.

मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला. तेव्हा धारवाड, बेळगाव, विजापूर व उत्तर कानडा हे जिल्हे मुंबईतच होते, म्हणून तो हुबळी-धारवाडास लागू झाला. ह्या कायद्याचे नावच पाहावे. प्रतिबंध, दडपणूक असे शब्द टाळून ‘संरक्षण’ हा शब्द त्याने घेतला. मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला अर्पण करण्याचा विधी बेकायदा ठरला. आणि अर्पण झालेल्या स्त्रीने लग्न केल्यास ते लग्न त्या कारणाने अवैध ठरणार नाही असे स्पष्ट झाले. हे दुसरे कलम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. देवाशी बांधलेल्या स्त्रीला माणसाशी लग्न करता येत नाही, ह्या धाकावर सारी रूढी उभी होती. तो धाकच कायद्याने काढून घेतला.

ह्याच्याशी मद्रासचा १९४७ चा कायदा ताडून पाहण्यासारखा आहे. त्यानेही अर्पणविधी बंद केला. परंतु विधी करणाऱ्या, करू देणाऱ्या किंवा त्यात भाग घेणाऱ्या व्यक्तींना शिक्षा सांगताना, जिच्यावर विधी होतो ती स्त्रीदेखील त्या व्यक्तींत मोडते असा खुलासा केला. सोळा वर्षे पुरी झालेली जी मुलगी घरच्यांच्या व गावाच्या दडपणाखाली देवापुढे उभी राहील, तीही गुन्हेगार ठरू शकत होती. मंगळूर व उडुपी हा दक्षिण कानडा जिल्हा तेव्हा मद्रासकडे होता. गोकर्णापासून मंगळुरापर्यंतच्या किनाऱ्यावर कोंकणी बोलणारी माणसे एक, देवस्थाने नात्यागोत्याची, पण मुंबई इलाख्याच्या हद्दीत एक कायदा आणि मद्रासच्या हद्दीत दुसरा अशी स्थिती होती, आणि त्या दोन कायद्यांत बळी व गुन्हेगार ह्यांच्यातली रेघही निराळी होती.

कायदा पुस्तकात असताना समाज कसा वागत होता, हे पाहण्यास हुबळीतील एका थोर जीवनाकडे वळू या. गंगूबाई हनगल ह्यांचा जन्म १९१३ चा, धारवाडचा. त्यांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीतातील जाणत्या गायिका होत्या. विधिवत् लग्नाचे संरक्षण नसलेल्या, गाण्यावर जगणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेतून आपण आलो, हे गंगूबाईंनी कधी लपविले नाही. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गाण्यास त्या गेल्या, तेव्हा गाण्यापेक्षा आपल्याला उष्टी पाने काढावयास तर सांगणार नाहीत ना, ह्याचीच त्या मुलीला धास्ती होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पुरुष गवई पंडित होतात, उस्ताद होतात, बाई मात्र बाईच राहते, हेही त्यांचेच निरीक्षण. पुढे त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सारी हुबळी हळहळली. पण ज्या रस्त्यावरून त्या बालपणी जात तेथे लोक काय बोलत असत, ते त्यांच्या आठवणींत नोंदलेले आहे. त्यांना गुन्हेगार ठरविणारा एकही कायदा नव्हता. त्यांच्यावर शिक्का मारला तो शेजाऱ्यांनी. कायद्याच्या व्याख्येइतकीच समाजाच्या जिभेवरची व्याख्याही धारदार असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई सोडून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने स्त्रिया व मुली ह्यांच्या अनैतिक व्यापाराच्या दडपणुकीचा कायदा केला. ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करारावर भारताने केलेल्या सहीची ती पूर्तता होती. ह्या कायद्याच्या नावात ‘व्यापार’ आहे, पण व्यापार म्हणजे काय ह्याची व्याख्या त्यात दिलेली नव्हती. व्याख्या होती ती वेश्येची: मोबदला घेऊन शरीर देणारी स्त्री. म्हणजे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापारास मनाई केली, त्या मनाईची अंमलबजावणी करताना कायद्याचे बोट पुन्हा स्त्रीकडेच वळले. वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नव्हता; परंतु सार्वजनिक जागेच्या आसपास तो करणे आणि गिऱ्हाइकास बोलावणे हे गुन्हे होते, आणि रस्त्यावर उभी असलेली स्त्री दलालापेक्षा लवकर हाती लागते. तिच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणालाही शिक्षा होती; त्या शब्दांत कुंटण येतो, तशीच तिने पोसलेली म्हातारी आईही येऊ शकते. १९८६ मध्ये ही व्याख्या बदलली. वेश्याव्यवसाय म्हणजे व्यापारी हेतूने केलेले व्यक्तींचे लैंगिक शोषण, असा अर्थ आला. स्त्रीच्या कृतीवरून दृष्टी शोषणाकडे सरकली, हे खरे. पण रस्त्यावरच्या स्त्रीला पकडणारी कलमे तशीच राहिली.

मधल्या काळात डोंगरावरचे मणी थांबले नव्हते. गडहिंग्लज व निपाणी ह्या भागांतील कार्यकर्त्यांनी देवदासींना संघटित केले, परिषदा भरविल्या, पोटापाण्याची मागणी पुढे केली. १९८२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने देवदासी अर्पण प्रतिबंधक कायदा केला आणि मुंबईचा १९३४ चा व मद्रासचा १९४७ चा हे दोन्ही जुने कायदे राज्यात रद्द केले. त्या जुन्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना अखेर एक कायदा आला. विधी करणाऱ्यास व त्यात भाग घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तो करणारा आईबाप, पालक किंवा नातेवाईक असेल तर किमान दोन व कमाल पाच वर्षे, अशी शिक्षा ठरली. महाराष्ट्राने आपला नवा कायदा २००५ मध्ये केला. कायद्यानंतरही किती स्त्रिया उरल्या, हे कर्नाटक शासनाच्या पाहणीवरून दिसते. १९९३-९४ च्या पाहणीत २२,८७३ आणि २००७-०८ च्या पाहणीत आणखी २३,७८७ देवदासींची नोंद झाली. एका पिढीच्या हयातीत एका राज्यात छेचाळीस हजारांहून अधिक स्त्रिया. आईबापांना पाच वर्षांच्या कैदेची भीती घातल्याने विधी डोंगरावरून घराच्या मागच्या खोलीत गेला, आणि आईबापांना तुरुंगात धाडण्याची तक्रार मुलीने करावी तरी कशी, हा पेच तसाच राहिला.

आता अपव्यापाराच्या व्याख्येकडे येऊ. २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाने पालेर्मो येथे जो मसुदा जगापुढे ठेवला, त्याला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर दंडसंहितेचे ३७० वे कलम नव्याने लिहिले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आले. ह्या व्याख्येस तीन अंगे आहेत: माणसाला मिळविणे, नेणे किंवा ठेवणे ही कृती; धाक, फसवणूक, अधिकाराचा दुरुपयोग हे साधन; आणि शोषण हा हेतू. साधनांच्या यादीत एक वाक्प्रयोग असा आहे, की ज्याचा त्या व्यक्तीवर ताबा आहे त्याची संमती मिळविण्यासाठी पैसे किंवा लाभ देणे वा घेणे. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे यल्लम्माचा डोंगर उभा राहिला. मुलीवर ताबा बापाचा, संमती बापाची, लाभ जमीनदाराकडून आलेला. ‘सोडणे’ ह्या शब्दात जे दीडशे वर्षे दिसत नव्हते, ते सारे ह्या एका ओळीत आले आहे. १८६० च्या ‘अन्य प्रकारे विल्हेवाट’ ह्या मोघम शब्दांना अखेर देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हात मिळाला.

तथापि वाद मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो की वेश्याव्यवसाय म्हणजेच अपव्यापार. गरिबीत दिलेली संमती ही संमतीच नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो की मुलीला विकणे निराळे आणि चाळीस वर्षांच्या बाईने मुलांना शिकविण्यासाठी निवडलेला मार्ग निराळा. दोहोंना एक नाव दिले तर विकणारा सुटतो आणि बाई पुन्हा धाडीत सापडते. सांगलीच्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या संघटनेने हाच आक्षेप अनेक वर्षे मांडला आहे, आणि तिच्यात सीमाभागातून आलेल्या देवदासी स्त्रियाही आहेत. २०१८ मध्ये लोकसभेने संमत केलेले अपव्यापारविषयक विधेयक ह्याच वादात अडकून व्यपगत झाले. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला धाडीत अटक करू नये, तिला छळू नये, तिलाही सन्मानाने जगण्याचा अधिकार आहे, अशा आशयाचे निर्देश दिले.

ह्या दोन पक्षांतील कोणत्याही एकाकडे सर्व सत्य आहे असे आम्हांस वाटत नाही. पण इतिहासाने एक कसोटी हाती दिली आहे. ह्या मुलखातील ज्या ज्या कायद्याने ‘ही स्त्री कोण?’ असे विचारले, त्याने शेवटी तिलाच शिक्षा केली, तिची मिळकत हिरावली किंवा तिला नाव ठेवले. ज्याने ‘हिला कोणी दिले, कोणी घेतले आणि लाभ कोणाला झाला?’ असे विचारले, त्याने थोडे तरी न्यायाचे काम केले. १९३४ च्या कायद्यातील लग्नाचे कलम टिकाऊ ठरले ते ह्याच कारणाने. त्याने स्त्रीकडून काही काढून घेतले नाही, तिला काही दिले. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्न उपस्थितच होऊ नये. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तिला काय म्हणावयाचे आहे ते प्रथम ऐकून घ्यावे, एवढे सौजन्य कायद्याने व समाजाने दाखविणे अगत्याचे आहे.

२०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळापुढे आलेल्या नव्या देवदासी विधेयकाने हा प्रश्न आणखी पुढे नेला. देवदासीच्या मुलांना आपला पिता कोण हे सिद्ध करून घेण्याचा आणि त्याच्या मिळकतीत वाटा मागण्याचा हक्क असावा, असा त्याचा रोख होता. १८८० मध्ये न्यायालयाने नायकिणीच्या घरातील वारसा मोडला, तेव्हा आश्रयदात्याच्या घरातील वारशाकडे कोणी पाहिले नव्हते. जवळजवळ दीडशे वर्षांनी कायद्याची नजर त्या दुसऱ्या घराकडे वळली.

आणि येथे देवस्थानांशी संबंधित असलेल्या सर्वांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या देवळांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत, इनामाच्या कागदांत, उत्सवाच्या मानकऱ्यांच्या याद्यांत ह्या स्त्रियांची नावे आहेत: कोणाला किती तांदूळ, कोणाला कोणते शेत, कोणत्या रात्री कोणाचे गाणे. देवळांचे इतिहास लिहिताना जीर्णोद्धार करणाऱ्या शेटजींची नावे शिळेवर कोरली जातात, आणि तीनशे वर्षे पालखीपुढे चवरी ढाळणाऱ्यांची नावे गाळली जातात. महाकूटच्या लेखात विनापोटीच्या आईचे व आजीचेही नाव आहे. ज्यांच्या ताब्यात अशा वह्या आहेत त्यांनी त्या उघडाव्या, ती नावे उतरवून घ्यावी, आणि देवळाच्या इतिहासात त्यांना त्यांची जागा द्यावी. कोणी दिले आणि कोणी घेतले, ह्याचीही नोंद त्याच वह्यांत सापडेल; तीही झाकून ठेवू नये.